बाळंतविडा विणताय? आधी लेबल वाचा, मग रंग बघा

(या भागाचं शब्दांकन. ऐकताना आकडे सुटतात, म्हणून ते इथे नीट लिहून दिलेत. दुकानात उभं राहून मोबाइलवर वाचलंत तरी चालेल.)

  

आजचा भाग दोन व्हॉइस नोट्समुळे करतेय. पहिली ठाण्याहून आली. तिच्या ताईला जूनमध्ये बाळ होणार आहे. दुसरी नागपूरहून, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाची. हा यूट्यूबवर बघून विणायला शिकलाय आणि त्याच्या वहिनीची तारीख डिसेंबरमधली आहे. दोघांनाही बाळंतविडा स्वतःच्या हातानं विणायचाय. स्वेटर, टोपडं, मोजे, जमलं तर एक दुपटं. आणि दोघांचा प्रश्न शब्दाला शब्द सारखा: "हलकी लोकर कुठली घेऊ?"

प्रश्न एक असला तरी उत्तरं दोन आहेत. ठाण्याचा जून आणि नागपूरचा डिसेंबर यांत जेवढा फरक, तेवढाच त्या दोन पिशव्यांत असायला हवा. बाळंतविडा विणायला महिना सहज जातो. एवढी मेहनत करून बाळ त्यात घामेजून रडलं, तर आई तो कपडा दोन दिवसांत कपाटात ठेवून देते आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगतही नाही. म्हणून आज धाग्याबद्दल जरा सविस्तर बोलूया.

"लोकर द्या" म्हटल्यावर काय मिळतं?

आपल्याकडे गंमत अशी आहे की विणायच्या प्रत्येक धाग्याला आपण लोकर म्हणतो. दुकानदार म्हणतो, तुमची आई म्हणते, मीही म्हणते. पण लोकर म्हणजे मेंढीचे केस. दुकानात रंगीबेरंगी गोळ्यांनी भरलेला जो रॅक असतो, त्यातले बहुतेक गोळे ॲक्रिलिकचे असतात, म्हणजे रसायनापासून कारखान्यात काढलेल्या तंतूचे. हा तंतू ड्यूपाँ कंपनीनं १९५० च्या सुमारास ऑर्लॉन या नावानं बाजारात आणला, तोही लोकरीला पर्याय म्हणूनच. त्यामुळे तो दिसतो लोकरीसारखा आणि हाताला लागतोही तसाच.

ॲक्रिलिक वाईट आहे असं मी म्हणणार नाही. स्वस्त आहे, रंग पक्के असतात, कसर लागत नाही, मशीनमध्ये धुता येतं. शिकताना दहा वेळा उसवायचं असेल तर तेच घ्या. पण अंगाला लागणाऱ्या कपड्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा: ते घाम पीत नाही.

कापड उद्योगात याचं एक ठरलेलं माप आहे. पूर्ण कोरडा १०० ग्रॅम तंतू ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवला, तर तो किती ग्रॅम ओलावा धरून ठेवतो? मेंढीची लोकर साधारण १६ ग्रॅम, रेशीम ११, कापूस साडेआठ, नायलॉन ४ आणि ॲक्रिलिक जेमतेम दीड ते दोन. लोकर ओलावा आत ओढून घेते आणि तरी कोरडी वाटते. ॲक्रिलिकमध्ये घाम कातडीवर तसाच राहतो.

मोठ्या माणसाला उकडलं तर तो स्वेटर काढून खुर्चीवर टाकतो. पंधरा दिवसांचं बाळ ते करू शकत नाही, फक्त रडू शकतं. वर आजी म्हणणार, "वारं लागेल गं, अजून एक दुपटं गुंडाळ." म्हणून बाळाच्या बाबतीत धागा निवडणं हा हौसेचा नाही, काळजीचा भाग आहे.

हलकं म्हणजे नक्की काय?

आता गंमत बघा. तंतू म्हणून तोललं तर कापूस, लोकर आणि ॲक्रिलिक यांत ॲक्रिलिकच हलकं आहे. एका घन सेंटिमीटरला कापसाचा तंतू साधारण दीड ग्रॅम भरतो, लोकर १.३ आणि ॲक्रिलिक १.२ च्याही जरा खाली. म्हणजे वजनाला हलकं ॲक्रिलिक, आणि आपल्या हवेत अंगावर कोंदट वाटतं तेही ॲक्रिलिकच. उलट कापूस वजनाला जड, पण उन्हाळ्यात तोच बरा वाटतो.

मग "हलका कपडा" हवा असेल तर काय करायचं? तंतू हवेप्रमाणे निवडायचा आणि हलकेपणा धाग्याच्या जाडीतून आणायचा. कापूस जड आहे ना, मग तो बारीक घ्या.

जाडी कशी ओळखायची? इथे बरेच जण "प्लाय" या शब्दात अडकतात. ४ प्लाय म्हणजे चार पदर एकत्र पिळलेत, एवढंच. पदर बारीक असतील तर ४ प्लायही बारीक होईल, जाड असतील तर जाड. म्हणून लेबलवर दोन आकडे शोधा, ग्रॅम आणि मीटर. माझा हिशेब १०० ग्रॅमला किती मीटर, असा असतो:

लेस – ८०० मीटर किंवा त्याच्या आसपास. कोळिष्टकासारखा धागा, जाळीच्या शालीसाठी.
फिंगरिंग – ४०० च्या आसपास. बाळाचे कपडे, मोजे, उन्हाळी टॉप.
स्पोर्ट – ३०० च्या आसपास.
डीके – २०० ते २५०. हिवाळी स्वेटर, टोप्या.

मीटर जितके जास्त, धागा तितका बारीक. समजा लेबल हरवलंय किंवा सुटा गोळा घेतलाय, तर पट्टीवर धागा शेजारी शेजारी गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसले ते मोजा. मग तुमच्या ओळखीच्या धाग्याचे वेढे मोजा. आकडा जवळपास सारखा आला की जाडी सारखी. गुंडाळताना ताणू नका, एवढंच.

याचा पैशाशीही संबंध आहे. पॅटर्नमध्ये लिहिलंय, "५० ग्रॅमचे ३ गोळे". तो पॅटर्न ॲक्रिलिकचा आहे आणि गोळ्यात २०० मीटर आहेत. म्हणजे तुम्हाला खरी गरज आहे ६०० मीटरची. आता तुम्ही तेवढ्याच जाडीचा कापूस घेतलात, तर मघाच्या वजनांच्या हिशेबानं ५० ग्रॅमच्या गोळ्यात १५० मीटरच भरतील. तीन गोळे आणले तर एक बाही उरलीच! परत दुकानात गेलात की तोच रंग मिळतो, पण डाय लॉट वेगळा निघतो आणि बाही अंगापेक्षा किंचित गडद दिसते. म्हणून गोळे मोजायचे ते मीटरवर, ग्रॅमवर नाही. आणि सगळ्या गोळ्यांवरचा डाय लॉट नंबर एकच आहे ना, हे दुकानातच बघून घ्यायचं.

ब्लेंड: कोण कशासाठी आलंय?

आता मिश्रणांकडे येऊ. ब्लेंड म्हटलं की काहींना वाटतं भेसळ. तसं नाहीये. मिश्रणातला प्रत्येक तंतू काहीतरी कामासाठी घेतलेला असतो. लेबल वाचताना एकच प्रश्न विचारायचा: हा इथे कशाला आलाय?

लोकर ७५ टक्के, नायलॉन २५ टक्के. हे मोज्यांचं नेहमीचं मिश्रण. टाच घासून नुसती लोकर विरते, नायलॉन तिला टिकाऊ करतं. चालणाऱ्या माणसासाठी उत्तम. जे बाळ अजून चालतच नाही, त्याच्या मोज्यांना नायलॉनची काय गरज?

कापूस आणि ॲक्रिलिक. कापसाला लवचीकपणा नसतो. नुसत्या कापसाची बॉर्डर थोड्या दिवसांत सैल पडते, स्वेटर खाली लोंबतो. ॲक्रिलिकमुळे वजन कमी होतं आणि लवकर वाळतं. अर्धं-अर्धं मिश्रण मोठ्यांच्या कपड्याला छान. बाळासाठी कापसाचा वाटा जितका जास्त तितकं बरं. "मिल्क कॉटन" नावाचे गोळे हल्ली सगळीकडे दिसतात. नावात दूध आहे म्हणून भुलू नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांच्या लेबलवर कापूस आणि ॲक्रिलिक हीच दोन नावं असतात.

कापूस आणि बांबू. बांबूचा मऊ धागा म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कोस. बांबूचा लगदा रसायनात विरघळवून त्याचा तंतू ओढतात. थंड लागतो, चमक येते, घाम पितो. पण व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते, कापूस मात्र ओला असताना उलट जास्त मजबूत असतो. म्हणून ही जोडी चांगली जमते. फक्त पिळताना जोर लावायचा नाही.

लोकर आणि कापूस. लोकर लवचीकपणा आणि ऊब देते, कापूस उकाडा कमी करतो. आपल्याकडच्या हिवाळ्याला, जिथे पहाटे कुडकुडायला होतं आणि दुपारी बाराला घाम येतो, तिथे हे मिश्रण अगदी योग्य.

मोहेर आणि रेशीम. रेशमाचा बारीक दोरा मध्ये आणि भोवती मोहेरचे लांब केस. वजन जवळजवळ नाहीच आणि ऊब भरपूर. रशियात ओरेनबुर्गच्या जाळीदार शाली याच कल्पनेवर चालतात. तिथे बकरीच्या मऊ केसांचा धागा रेशमाच्या दोऱ्याबरोबर पिळतात, आणि ती अख्खी शाल अंगठीतून ओढून दाखवायची त्यांच्याकडे पद्धत आहे. आजीसाठी शाल विणायची असेल तर मी हेच सुचवेन, खांद्यावर भार पडत नाही. बाळासाठी मात्र नको. त्याचे सुटे केस नाकातोंडात जातात.

आणि टक्केवारीचा क्रम बघा. पुढे मोठ्या अक्षरांत "काश्मिरी" आणि मागे बारीक अक्षरांत ५ टक्के, असं असेल तर तुम्ही बाकीच्या ९५ टक्क्यांचे पैसे देताय. ते ९५ टक्के काय आहे, त्यावर निर्णय घ्या.

लोकर टोचते का?

"बाळाला खरी लोकर टोचेल ना?" हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर तंतूच्या जाडीत आहे. तंतू मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचं टोक कातडीवर वाकत नाही, रुततं. तेच आपल्याला टोचल्यासारखं वाटतं. मेरिनो मेंढीची लोकर २४ मायक्रॉनच्या आतली, लडाखच्या चांगथांगी बकरीची पश्मिना १२ ते १६ ची. त्यामुळे चांगली मेरिनो टोचत नाही.

आपली दख्खनी मेंढी वेगळी. तिची लोकर जाडीभरडी. धनगरांची घोंगडी तिच्यापासून होते. चिंचोक्याची खळ लावलेली ती घोंगडी पावसात, थंडीत रानात वर्षानुवर्षं टिकते. त्या कामाला तीच लोकर हवी, तिथे मेरिनो चार दिवस टिकणार नाही. पण झबल्यासाठी तिचा उपयोग नाही.

घरात कपडे कोण धुणार?

हा प्रश्न कुठल्याच पॅटर्नमध्ये नसतो, पण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाळाचे कपडे दिवसाला चार-पाच वेळा बदलतात. ते धुणारी बाळाची आई नसते, बहुधा आजी असते किंवा कामाच्या ताई. गरम पाणी, बादली, घासणं, पिळणं. साध्या मेंढीच्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणं एकत्र मिळालं की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटरचा नमदा होतो. तो परत सुटत नाही.

म्हणून लोकर घ्यायचीच असेल तर "सुपरवॉश" लिहिलेली घ्या. यात खवले रसायनानं बोथट करतात आणि वर पातळ लेप देतात, त्यामुळे ती आटत नाही. मात्र ओली झाली की सैल पडून लांबते, तेव्हा टांगायची नाही, टॉवेलवर पसरून वाळवायची. घरात हे कोणी पाळणार नाही असं वाटत असेल तर सरळ कापूस घ्या. आईला "हे हाताने धुवा, ते उन्हात नको" अशी यादी देणारी भेट नको.

आणि वाळण्याचंही बघा. कोकणपट्टीत जुलैमध्ये जाड सुती कपडा दोन दिवस ओलसर राहतो. बारीक धाग्याचा तोच कपडा पंख्याखाली रात्रीत वाळतो.

तर, ठाणे आणि नागपूर

ठाण्याच्या ताई, तुझ्यासाठी: कापूस किंवा कापूस-बांबू, फिंगरिंग जाडीचा, १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या जवळपास. बिनबाह्यांचं, पुढून उघडणारं झबलं. डोक्यावरून घालायला लागू नये. आणि जूनमधल्या बाळाला स्वेटरपेक्षा पातळ दुपटं जास्त वापरलं जाईल, तर वेळ त्याच्यावर घाल.

नागपूरच्या दादा, तुझ्याकडे डिसेंबरात रात्री चांगली थंडी असते. सुपरवॉश मेरिनो किंवा मेरिनो-कापूस, फिंगरिंग किंवा फार तर स्पोर्ट. एक जाड स्वेटर विणण्यापेक्षा दोन पातळ विण. पहाटे दोन्ही घालता येतात, दुपारी एक काढता येतो. बाहेर जाताना टोपडं असू दे. झोपताना घरात टोपी नको, मऊ पांघरुणं तोंडाजवळ नकोत. दुपटं जागेपणी, मांडीवर. बाळाला उकडतंय का हे हातापायांवरून ठरवू नका, ते गारच असतात. मानेमागे किंवा पोटावर हात लावून बघा.

आणि दोघांनाही, हे नीट ऐका. मोज्यांच्या आणि हातमोज्यांच्या आतल्या बाजूला एकही सुटा धागा ठेवू नका. दोन रंगांची नक्षी केली की आत धागे लोंबतात. तसा धागा किंवा नुसता केससुद्धा बाळाच्या बोटाभोवती आवळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा अडतो. बाळ रडत राहतं आणि कारण कोणाला कळत नाही. त्यामुळे मोजे एकरंगी, वीण बंद, जाळी नाही, टोकं आत घट्ट ओवून कापलेली. देताना आईला सांगा, घालण्याआधी दर वेळी उलटे करून बघ. गळ्याला गोंडे आणि लांब नाड्या नकोत. बटणं ओढून बघितलेली हवीत.

लेबल नसेल तर

सुट्या गोळ्यात काय आहे हे कळायला एक जुनी युक्ती आहे. बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली, शेजारी पाणी, आणि काडी लावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख बोटानं चुरते. कापूस कागदासारखा जळतो, मऊ करडी राख राहते. ॲक्रिलिक वितळतं, काळा धूर येतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मिश्रण असेल तर खुणाही मिसळतात, तेव्हा पक्कं उत्तर मिळेलच असं नाही. पण "प्युअर वूल" म्हणून दिलेल्या धाग्याचा मणी झाला, तर काय ते समजा. हा प्रयोग घरी करायचा, दुकानात नाही!

आणि मग नमुना

धागा आणला की लगेच टाके घालू नका. आधी १५ सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणा. कंटाळवाणं आहे, माहितेय. पण हिशेब बघा. पॅटर्न म्हणतो १० सेंटिमीटरला २८ टाके, आणि छातीच्या घेरासाठी ११२ टाके घाला. म्हणजे ४० सेंटिमीटर. तुमचा हात सैल आहे आणि तुमचे १० सेंटिमीटरला २५ टाकेच बसले, तर तेच ११२ टाके जवळपास ४५ सेंटिमीटर होतात. तीन टाक्यांच्या फरकानं पाच सेंटिमीटर! अशा वेळी सुई बदलायची. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. यूट्यूबवरचे पॅटर्न मिलिमीटर सांगतात, आईच्या सुयांवर नंबर असतो, तेव्हा गोंधळ करू नका.

नमुना विणून झाला की तो घरात जसे कपडे धुतले जातात तसाच धुवा. गरम पाणी तर गरम पाणी, मशीन तर मशीन. वाळल्यावर पुन्हा मोजा आणि ते माप खरं धरा. मग तो नमुना अर्धा तास गळ्याशी, शर्टच्या आत ठेवून बसा. खाजतंय? घाम आलाय? जे तुमच्या मानेला अर्ध्या तासात कळतं, ते बाळाला दिवसभर सोसावं लागणार आहे.

या आठवड्याचा गृहपाठ एवढाच. घरात पडलेले गोळे काढा, लेबलवरचे ग्रॅम आणि मीटर बघून १०० ग्रॅमला किती मीटर होतात ते काढा, आणि एक नमुना विणून धुवा. फोटो पाठवा, धुण्याआधीचा आणि नंतरचाही. प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवलेत तर तुमच्या आवाजातच पुढच्या भागात घेईन.

पुढच्या वेळी कापसाची बॉर्डर सैल का पडते आणि ती घट्ट कशी ठेवायची, ते बघू. तोवर विणत राहा. भेटूच!